हेमलताची बाजू

"साहेब, एवढं वाचून बघता का? छापलं गेलंय असं वाटतंय. पण अक्षरं उमटलीत की नुसताच कागद सरकलाय, हे मला कसं कळणार?"

हेमलता गुरव माझ्या टेबलासमोर उभी होती. हातात एकच कागद, पण दोन्ही हातांनी धरलेला, प्रसादासारखा. सन दोन हजारचा जानेवारी. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा पंपांचा कारखाना होता आणि त्यातल्या स्पेअर पार्टच्या स्टोअरचा मी प्रमुख. बावीस वर्षं झाली होती मला तिथं. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आणि कुठला माणूस कुठल्या कामाला टाळाटाळ करतो, हे दोन्ही मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

हेमलता आमची फोनवाली. अकराव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली होती. आमचे मालक करमरकरसाहेब यांनी तिला पाच वर्षांपूर्वी कामावर घेतलं, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, पुण्य साहेबांना आणि ताप आम्हाला. माझा तो अंदाज साफ चुकला. तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला एक बोलकी पेटी जोडलेली होती. काळ्या पडद्यावर जी हिरवी अक्षरं उमटत, ती ही पेटी अमेरिकन सुरात वाचून दाखवी. हेमलतानं तिचा वेग इतका वाढवून ठेवला होता, की दुसऱ्या कुणी इअरफोन कानाला लावला तर तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू यायचं. डाव्या कानाला डीलरचा फोन, उजव्या कानात पेटी. बार्शीचा डीलर तिकडून "ताई, साडेसात एचपीच्या पंपाचं मेकॅनिकल सील..." एवढंच म्हणायचा, की ही सांगून मोकळी: "आहेत. अकरा नग. उद्याच्या गाडीनं पाठवते. आणि मागच्या वेळचे दोन चुकून गेलेले परत करा." डीलर लोक तिला घाबरून असत. ती आंधळी आहे हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं.

मी कागद वाचला. छान छापलं होतं. डिसेंबरात तिनं पंधरा दिवस रजा घेतली होती, तेव्हा आमच्या ऑफिसनं तिचं लग्न ठरवून टाकलं होतं. मुलगा काय करतो इथपर्यंत चर्चा गेली होती. बाई गेली होती मुंबईला, अंधांच्या एका संस्थेत. तिनं लिहिलं होतं, की कॉम्प्युटरच्या नव्या यंत्रणेतही आता बोलणारा प्रोग्रॅम मिळतो, तो आपण शिकून आलो आहोत. कारखान्यानं नवी यंत्रणा घेताना हा प्रोग्रॅमही घ्यावा, म्हणजे आपल्याला आहे त्या जागेवर काम करता येईल. शेवटी लिहिलं होतं, 'नवी यंत्रणा आणण्यास माझा विरोध नाही. लवकर आणावी ही विनंती.'

"बरोबर आहे का?"

"एकदम बरोबर. मुलगा बघायला गेली होतीस म्हणत होते सगळे."

"मुलगाच बघितला असता तर एवढं इंग्रजी लिहावं लागलं नसतं," ती म्हणाली. "फडतरेसाहेबांकडे देऊ का? तेच आणतायत ना नवीन?"

"छे, छे. माझ्यामार्फत जाऊ दे. खात्याकडून वर गेलं की वजन येतं."

आमच्याकडं तशीच पद्धत होती. शिपायाला छत्री हवी असली तरी अर्ज खातेप्रमुखाकडून वर जायचा. आणि खरं सांगतो, त्या क्षणी तो कागद वर पाठवायचाच माझा विचार होता.

फडतरे आमचे खरेदी अधिकारी. माणूस हुशार, पण आपली हुशारी दुसऱ्याला कळली नाही तर त्याला जेवण जात नसे. नव्या यंत्रणेचा त्यानं ध्यास घेतला होता आणि त्याचं चूक नव्हतं. आमच्या जुन्या प्रोग्रॅमला चार आकड्यांपलीकडं मोजता येत नव्हतं. नऊ हजार नऊशे नव्याण्णव पार्ट भरले की गाडी अडली. आम्ही त्या आकड्याच्या उंबरठ्यावर उभे होतो. नव्या पंपाचा एक पार्ट आत घालायचा, तर जुन्याचा एक पुसून टाकावा लागे. नव्या यंत्रणेत लाखभर पार्ट बसणार होते, चार जणांना एकाच वेळी काम करता येणार होतं, पार्टचं चित्रसुद्धा दिसणार होतं.

गुरुवारी पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी ते दाखवायला आली. रंगीत पडदा, त्यावर चौकटी, चौकटीत चित्रं. सगळे खुर्च्या ओढून बसले. पाच-दहा मिनिटं झाल्यावर ती माझ्याकडं वळली. "काका, तुम्ही करून बघा ना."

जुन्या प्रोग्रॅमची सगळी बटणं मला पाठ होती. एफ-तीन म्हणजे शिल्लक, एफ-सात म्हणजे रॅक. कुणी अडलं की "धुमाळसाहेबांना विचारा" असं म्हणायचे. त्या थाटात मी खुर्चीत बसलो आणि माऊस धरला. पडद्यावरचा बाण डावीकडं न्यायचा होता, तो वर गेला. वर न्यायला गेलो, तर दिसेनासा झाला. त्याला शोधत मी माऊस सरकवत राहिलो, सरकवत राहिलो, आणि शेवटी माझ्याच कपातला चहा फायलीवर सांडला.

"धुमाळ, टेबल संपलं!" फडतरे ओरडला. "आता काय भिंतीवर चढवताय त्याला?"

सगळे हसले. करमरकरसाहेबही हसले. पोरगी मात्र हसली नाही. ती हळुवारपणे म्हणाली, "होतं असं सुरुवातीला, काका. या वयात थोडा वेळ लागतो." ते मला फडतरेच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो मी.

त्या दिवशी मी जागेवर येऊन बसलो, तर हेमलतानं विचारलं, "कसं आहे नवीन, साहेब?"

"चित्रंच चित्रं," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग होती. करमरकरसाहेब, फडतरे, मी, आणि फोनच्या टेबलाचा संबंध म्हणून हेमलता. फडतरेनं अर्धा तास मांडणी केली. नऊ हजार नऊशे नव्याण्णवचा आकडा त्यानं तीनदा सांगितला. मग साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हेमलता, जरा चहाचं बघतेस का?"

याचा अर्थ ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. तिच्या डोळ्यांविषयी तिच्यासमोर बोलायचं नाही, असा आमचा अलिखित नियम होता. त्याला आम्ही माणुसकी म्हणत होतो. तिचा विषय निघाला की तिला चहाचं बघायला पाठवायचं. पाच वर्षांत तिनं किती वेळा चहाचं बघितलं होतं, देव जाणे.

ती उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. "साहेब, माझं पत्र..."

"आहे माझ्याकडं," मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं. ते माझ्याकडंच होतं. खिशात.

दार लागल्यावर साहेब म्हणाले, "हिचं काय करायचं? चित्रांचं यंत्र आणलं तर ही बसणार कुठं?"

फडतरे काही बोलायच्या आत मी बोलायला लागलो. भाषण म्हणून मी आयुष्यात ते एकच चांगलं केलं. म्हटलं, साहेब, पाच वर्षांपूर्वी तुम्ही एका आंधळ्या मुलीला अक्षरांच्या जोरावर उभं केलंत. त्या काळ्या पडद्यावर अक्षरं आहेत, म्हणून ती आहे. उद्या तिथं चित्रं आली, की आपण आपल्या हातानं तिला दुसऱ्यांदा आंधळं करणार. चार पार्ट कमी बसतात म्हणून? पार्ट पुसून पुन्हा भरता येतात, साहेब. माणूस नाही भरता येत.

शेवटचं वाक्य आयत्या वेळी सुचलं. माझं मलाच आवडलं.

"तिलाच विचारू की," फडतरे म्हणाला. "बोलवा तिला आत. शहाणी बाई आहे."

"तिला काय विचारणार?" मी म्हणालो. "ती नाही म्हणेल का? उलट आणाच म्हणेल. आपल्यामुळं कुणाची अडचण नको म्हणून तोंडावर हो म्हणेल आणि घरी जाऊन रडेल. तुम्ही ओळखता का तिला?"

करमरकरसाहेबांचे डोळे भरून आले होते. मनाचा मऊ माणूस. "धुमाळ," ते म्हणाले, "तुम्ही माझे डोळे उघडलेत." मग त्यांनी फडतरेची फाईल मिटली आणि त्याच्याकडं सरकवली.

ते तसेच उठले आणि बाहेर गेले. मागोमाग आम्ही. हेमलता चहाच्या टेबलाशी उभी होती. सगळं ऑफिस मान वर करून बघत होतं.

"पोरी, अजिबात काळजी करू नकोस," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू आहेस तोवर इथं जुनंच राहील. नवीन काही आणत नाही आपण. धुमाळांनी तुझी बाजू अशी मांडली, अशी मांडली की मला बोलायला जागाच राहिली नाही."

तिनं मान वळवली. मी कुठं उभा आहे हे तिला बुटांच्या आवाजावरून कळायचं.

"तुम्ही माझी बाजू मांडलीत, साहेब?"

"हो."

"सगळी?"

पंखा फिरत होता. कुणीतरी बशी ठेवली.

"हो," मी म्हणालो.

"आभारी आहे," हेमलता म्हणाली आणि आपल्या टेबलाकडं गेली. तिचा फोन वाजत होता.

त्यानंतरचं दीड वर्ष नऊ हजार नऊशे नव्याण्णवचं होतं. नवीन पार्ट आला की जुना पुसायचा. मग फलटणचा डीलर नेमका त्या पुसलेल्या पार्टसाठी फोन करायचा आणि हेमलताला सांगावं लागायचं, "यंत्रात नाही, पण रॅकवर असेल, बघून कळवते." रॅकवर माणूस पाठवायचा, तो तासाभरानं यायचा. ऑर्डरी हातच्या जाऊ लागल्या. आणि प्रत्येक वेळी ऑफिसातला कुणी ना कुणी सुस्कारा टाकून म्हणायचा, "काय करणार! ताईंसाठी थांबलोय ना आपण." फडतरे पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचा, "आमचा कारखाना या बाईंच्या कानावर चालतो." पाहुणे कौतुकानं हसत. ऑफिस वेगळं हसे.

तिला सगळं ऐकू यायचं. डोळे असलेल्यांना हे लक्षात राहत नाही.

एकदा मीच तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "लोकांचं मनावर घेऊ नकोस गं."

"लोकांचं नाही घेत," ती म्हणाली.

त्या काळात मी काय करत होतो? रविवारी सकाळी कोरेगावला जात होतो. साताऱ्यात कॉम्प्युटरचे क्लास ढीगभर होते, पण तिथं ओळखीचं कुणी भेटलं असतं. कोरेगावात शाळकरी पोरांच्या रांगेत बसून मी तीन महिने बाण डावीकडं न्यायला शिकलो. घरी सांगितलं होतं, गुडघ्याला मालिश करायला जातो.

दोन हजार एकच्या जूनमध्ये करमरकरसाहेब डीलरांच्या मेळाव्याहून परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. तिथं चारचौघांत त्यांना कुणीतरी विचारलं होतं, तुमचा कारखाना अजून चालू आहे का? त्यांनी मला बोलावलं. "धुमाळ, आता इलाज नाही. नवीन आणावंच लागेल. तुमचं काय म्हणणं?"

"आणा," मी म्हणालो. मला आता बाण नेता येत होता.

"आणि हेमलता?"

तिचं पत्र तेव्हाही माझ्या कपाटात होतं. नुसतं काढून पुढं ठेवायचं होतं. पण त्यावर तारीख होती, जानेवारी दोन हजारची. ते काढलं असतं, तर मधलं दीड वर्षही काढावं लागलं असतं.

"तिच्या एका टेबलावर जुनंच राहू द्या," मी म्हणालो. "तिला सवय आहे. तिला कशाला त्रास?"

"किती विचार करता तुम्ही तिचा," साहेब म्हणाले.

सगळीकडं नवीन आलं, तिच्या टेबलावर जुनं राहिलं. आवक-जावक नव्यात होऊ लागली. तिच्या पेटीत जून महिन्याची शिल्लक तशीच बसून राहिली. फोन यायचा, ती दोन बटणं दाबायची, मग थांबायची. "एक मिनिट हं, विचारून सांगते." मग आमच्यापैकी कुणाला तरी हाक. "बघून सांगता का जरा?" कुणी सांगायचं, कुणी चहा पिऊन सांगायचं. बार्शीचा डीलर एकदा मला फोनवर म्हणाला, "त्या हुशार बाई होत्या त्या गेल्या का हो? आता कोण बसवलीय?"

ऑक्टोबरात तिला पुण्याच्या एका बँकेत नोकरी लागली. परीक्षा देऊन. आम्हाला पत्ताच नव्हता.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. ती बोलक्या पेटीची वायर गुंडाळत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"हेमलता, ते पत्र..."

"तुम्ही दिलं नाहीत," ती म्हणाली. वायर गुंडाळणं चालूच. "मी 'सगळी?' असं विचारलं होतं ना, त्यावर 'हो' म्हणायला तुम्ही जेवढा वेळ घेतलात, तेवढ्यात मी बार्शीवाल्याला दोन सीलं शोधून दिली असती. त्याच संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मागवला. पहिल्या खेपेला नापास झाले."

"मग साहेबांना तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? तुम्हीच आत म्हणाला होतात, ही तोंडावर हो म्हणेल आणि घरी जाऊन रडेल. फडतरेसाहेबांनी सांगितलं मला. त्यानंतर मी नवीन आणा म्हटलं असतं, तर साहेब आणखी रडले असते." तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली. "एकच कळलं नाही. माझं तुमच्याशी काही वाकडं नव्हतं. मग का?"

बऱ्याच सबबी तयार होत्या. त्यातली एकही काढली नाही.

"भीती वाटली."

"कशाची?"

"माऊसची."

ती हसली. टोमणा मारण्यासाठी नव्हे, खरंखुरं, खळखळून हसली. मग हसता हसता थांबली.

"साहेब, मी मुंबईत पंधरा दिवस शिकले, एकदाही माऊसला हात लावला नाही. बाण दिसतच नाही तर माऊस घेऊन करणार काय? नव्या यंत्रणेत सगळं बटणांवर होतं. आल्ट, टॅब, एंटर. जुन्यासारखंच, फक्त बटणं वेगळी." तिनं पेटीवर हात ठेवला. "मी गाडीत येतानाच ठरवलं होतं. म्हटलं, सगळ्यात आधी धुमाळसाहेबांना शिकवायचं. त्यांना बटणं पटकन पाठ होतात. आठवड्यात तयार होतील, आणि मग बाकीच्यांना तेच शिकवतील. पत्रात नाही लिहिलं ते. म्हटलं, तुम्हाला आवडणार नाही, माझ्याकडून शिकायचं आहे असं चारचौघांत..."

पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. दारातून मंडळी परत येऊ लागली होती, हात पुसत, बडीशेप चघळत.

चार वाजता निरोपाचा कार्यक्रम झाला. नारळ, शाल, भिंतीवरचं एक घड्याळ. घड्याळ आंधळ्या बाईला का, हे कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही. करमरकरसाहेब बोलायला उठले. हेमलताच्या जिद्दीबद्दल बोलले, मग थांबले आणि माझ्याकडं वळले.

"आणि आज एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. हिच्यावर जेव्हा वेळ आली होती, तेव्हा या कारखान्यात एकच माणूस हिच्या बाजूनं उभा राहिला. आज ही बँकेत चाललीय, त्यात त्या माणसाचा वाटा आहे. धुमाळ, उभे राहा. सगळ्यांना दिसू दे."

टाळ्या सुरू झाल्या. फडतरेही वाजवत होता, मान डोलवत. हेमलता पहिल्या खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल आणि नारळ. तिनं ते दोन्ही बाजूला ठेवले, हात मोकळे केले आणि तीही टाळ्या वाजवू लागली. चेहरा माझ्याकडं होता.

बोलायचं असतं तर तेव्हाच बोलता आलं असतं. पाऊण मिनिटाचं काम होतं. साहेब जिवंत होते, सगळे हजर होते, ती समोर होती.

मी उभा राहिलो आणि हात जोडले.